नवख्या बास्केटबॉलपटूचा डिफेन्स कसा जोखायचा? आकडे, नजर आणि दोघांमधलं भांडण

"पोरगा डिफेन्सला कसा आहे?" निवड चाचणीच्या वेळी हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तरं साधारण दोनच प्रकारची मिळतात. एक जण स्कोअर शीट उलटून सांगतो, "सामन्याला तीन स्टील आहेत त्याचे," म्हणजे समोरच्याकडून हिसकावलेले बॉल. दुसरा म्हणतो, "जीव तोडून खेळतो हो, लगेच नजरेत भरतो." दोघंही मनापासून बोलत असतात. पण यातल्या कुठल्याही एका उत्तरावर विसंबून संघ निवडला, तर चुकीचा मुलगा आत येतो आणि बरोबर मुलगा बाहेर राहतो.

अडचण डिफेन्सच्या स्वभावातच आहे. बास्केट पडली की कागदावर खूण उमटते. चांगला डिफेन्स म्हणजे मात्र बहुतेक वेळा काहीतरी न घडणं. पास दिलाच गेला नाही, ड्राइव्ह (बॉल घेऊन बास्केटकडे मुसंडी) सुरूच झाला नाही, कोपऱ्यातल्या खेळाडूने शॉट न घेता बॉल परत वर फिरवला. या न घडलेल्या गोष्टींचा रकाना कुठल्याच शीटवर नसतो. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये बिल रसेलने १३ हंगामांत ११ विजेतेपदं मिळवली, तीही प्रामुख्याने डिफेन्सच्या जोरावर, आणि १९६९ मध्ये तो थांबला. एनबीएने स्टील आणि ब्लॉक (हवेत अडवलेला शॉट) अधिकृतपणे मोजायला सुरुवात केली ती १९७३-७४ च्या हंगामापासून. म्हणजे त्याच्या नावावर अधिकृत नोंदीत एकही ब्लॉक नाही. तेव्हा नजर हाच एकमेव आधार होता. आज आकडे भरपूर आहेत, तरी नजर सुटलेली नाही.

खाली दिलेल्या पद्धतीत क्रमाला फार महत्त्व आहे. आधी बघायचं आणि लिहून ठेवायचं, मग मोजायचं, मग शीट उघडायची. क्रम उलटा झाला की शीटवरचे तीन स्टील डोक्यात बसतात आणि पुढचं सगळं त्याच चष्म्यातून दिसायला लागतं.

पायरी १: नेमकं कोणतं काम जोखताय ते ठरवा

"डिफेन्स चांगला आहे" हे वाक्य ढोबळ आहे. बॉल असलेल्या खेळाडूसमोर टिकणं हे एक काम, बॉल दुसऱ्या बाजूला असताना योग्य जागी असणं हे वेगळंच. रिमपाशी शॉट अवघड करणं, रिबाउंड (चुकलेल्या शॉटचा बॉल) घेऊन समोरच्याचं पझेशन (बॉल ताब्यात असण्याची एक पाळी) संपवणं, फाउल न करता कोर्टवर राहणं ही आणखी कामं. गार्डकडून (बाहेर बॉल हाताळणारा) पहिल्याची अपेक्षा जास्त, सेंटरकडून (रिमपाशी खेळणारा उंच खेळाडू) तिसऱ्याची. दुसरं मात्र पाचही जणांना चुकत नाही.

वहीच्या पहिल्याच ओळीत लिहा: कोचने या खेळाडूला कोणावर लावलं होतं? समोरच्या संघाच्या सर्वांत धोकादायक खेळाडूवर, की सर्वांत कच्च्या खेळाडूवर लपवलं होतं? मॅन टू मॅन (प्रत्येकाने आपला एक माणूस धरायचा) होतं की झोन (प्रत्येकाने आपली जागा राखायची)? ही ओळ नसेल तर पुढच्या सगळ्या आकड्यांचा अर्थ लागत नाही. ज्याच्यावर रोज सर्वांत अवघड जबाबदारी टाकली जाते त्याचे आकडे वाईट दिसणारच, आणि कोच त्यालाच ती जबाबदारी का देतो हीसुद्धा माहितीच आहे.

पायरी २: पहिला सामना शीटशिवाय बघा

पहिल्या सामन्यात बॉल बघायचा नाही. हे बोलायला सोपं आहे. डोळे आपोआप बॉलमागे धावतात, म्हणून सुरुवातीला पाच-पाच मिनिटांचे तुकडे करा आणि त्या पाच मिनिटांत फक्त त्या एका खेळाडूकडे बघा, विशेषतः बॉल त्याच्यापासून लांब असताना. डिफेन्समधला बहुतेक वेळ तिथेच जातो, आणि तिथे खेळाडूला कोणी बघत नाहीये असं वाटत असल्याने तो खरा दिसतो.

काय शोधायचं? सगळ्यात आधी पाय. ड्राइव्ह आला की आधी पाय हलतात की हात? हात आधी पुढे जाणारा मुलगा पुढच्या क्षणी मागे पडतो किंवा फाउल करतो. दुसरं, पास हवेत असताना तो हलतो का? बॉल समोरच्याच्या हातात पडल्यावर जागा बदलणारा खेळाडू अर्धा सेकंद उशिराच पोचतो, मग तो कितीही वेगवान असो. माझ्या मते कोवळ्या वयात बघण्यासारखी हीच सर्वांत मोलाची खूण आहे, कारण वेग आणि ताकद पुढे वाढते, पण बॉलबरोबर हलण्याची सवय ज्यांना नाही त्यांना ती लावायला वर्षं जातात.

तिसरं, मान. आपला माणूस आणि बॉल दोन्ही दिसतील असा उभा आहे का, की बॉलकडे टक लावून बसलाय आणि मागून त्याचा माणूस बास्केटकडे पळतोय (बॅकडोअर कट)? चौथं, क्लोजआउट. शूटरकडे धावत जाऊन शेवटची दोन-तीन पावलं आखूड टाकून थांबतो, की तसाच उडत बाजूने निघून जातो? स्क्रीन (समोरच्या संघातल्या कोणी वाटेत उभं राहून केलेला अडथळा) लागला की अडकून पडतो, की खांदा आत घालून वाट काढतो? आणि तोंड. "स्क्रीन उजवीकडे", "मी बॉलवर", "हेल्प आहे" असं बोलणारा खेळाडू स्वतःसोबत बाकीच्या चौघांचा डिफेन्सही सुधारतो. बाकावर शेजारी बसलात तरच हे ऐकू येतं, कॅमेऱ्यात नाही.

आणखी एक गोष्ट आवर्जून बघा. स्वतःचा शॉट चुकल्यानंतर किंवा टर्नओव्हर (हातातला बॉल गमावणं) झाल्यानंतरची पहिली तीन पावलं. काही मुलं पंचांकडे बघतात, काही डोकं धरतात, काही सरळ वळून मागे धावतात.

सामना संपला की घरी जाण्याआधी, शीट न बघता, पाच-सहा वाक्यं लिहा. तारीख टाका. ही तुमची साक्ष. नंतर त्यात खाडाखोड करायची नाही.

पायरी ३: आपली नजर कुठे फसते ते ओळखा

आठवणीत गोंगाट राहतो. जमिनीवर हात आपटून पवित्रा घेणारा, आरडाओरडा करणारा, घामाने निथळणारा मुलगा चांगला डिफेंडर वाटतो. दोन पावलं आधीच योग्य जागी उभा असल्यामुळे धावायची गरजच न पडलेला मुलगा आळशी वाटतो. प्रेक्षकांत फेकलेला एक ब्लॉक आठवडाभर लक्षात राहतो, आणि त्याच मुलाने उडी मारल्यामुळे मागे सुटलेले चार सोपे रिबाउंड कोणालाच आठवत नाहीत. उंच, रुंद खांद्यांच्या मुलाला तर आपण न बघताच गुण देऊन टाकतो.

अनुभवी माणसांचीही मतं एकमेकांशी जुळतातच असं नाही. २०१२-१३ च्या हंगामात पत्रकारांच्या मतदानातून मार्क गॅसोल एनबीएचा सर्वोत्तम डिफेन्सिव्ह खेळाडू ठरला. त्याच हंगामात, तेव्हा कोचेसच्या मतांवर निवडल्या जाणाऱ्या ऑल-डिफेन्सिव्ह संघांत मात्र त्याला दुसऱ्या संघात जागा मिळाली. खेळाडू तोच, हंगाम तोच, बघणारे दोन्ही गट जाणकार. एका चाचणीत एका निवडकर्त्याला आलेल्या ठशावर किती भरवसा ठेवायचा, हे यावरून लक्षात घ्यावं.

पायरी ४: स्वतःचा तक्ता भरा

मेहनतीची पायरी हीच, आणि सगळ्यात जास्त फायदाही हिचाच. साधा मोबाईल कॅमेरा कोर्टच्या कोपऱ्यात थोडा उंचावर लावा, म्हणजे दहाही खेळाडू फ्रेममध्ये राहतील. मग व्हिडिओ थांबवत थांबवत, एकेक डिफेन्सिव्ह पझेशन घेऊन नोंद करा.

नियम एकच: घटना मोजण्याआधी संधी मोजायची. "सहा वेळा हेल्पला (सोबत्याच्या मदतीला) गेला" याला अर्थ नाही. "दहा वेळा जायला हवं होतं, सहा वेळा गेला" याला अर्थ आहे. माझ्या तक्त्यात साधारण एवढं असतं:

- त्याच्यावर किती ड्राइव्ह झाले. किती थोपवले, किती सरळ निघून गेले
- किती क्लोजआउट. वेळेत, उशिरा, की उडून गेला
- हेल्पची गरज किती वेळा. गेला, गेला नाही, गेला पण आपल्या माणसाकडे परतला नाही
- स्टीलसाठी किती वेळा झेपावला. किती वेळा फळलं, किती वेळा संघ पाचास चार झाला (समोरचे पाच, अडवायला आपले चार)
- बॉलला हात किती वेळा लागला, मग बॉल कोणाकडेही गेलेला असो
- शॉट गेल्यावर बॉक्स आउट (समोरच्याला पाठीमागे अडवून रिबाउंडची जागा धरणं) केलं की नुसता वर बघत राहिला

व्हिडिओवर तासाभरात एवढं भरता येतं. पहिल्या वीस पझेशनची नोंद दुसऱ्या कोणाकडून वेगळी करून घ्या आणि ताडून बघा. "उशिरा" म्हणजे किती उशिरा, यावर तुमच्या दोघांचं जमत नसेल तर व्याख्या पक्की करून मगच पुढे जा. एनबीएनेही २०१६ पासून बॉलला लागलेले हात, घेतलेले चार्ज (जागेवर उभं राहून धडक झेलून मिळवलेला फाउल), आव्हान दिलेले शॉट अशा गोष्टी जाहीरपणे मोजायला घेतल्या, त्या याच गरजेतून.

एकूण पझेशन हाताने मोजायचा कंटाळा आला तर शीटवरून अंदाज काढता येतो: घेतलेले शॉट, अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड, अधिक टर्नओव्हर. सामन्यागणिक आकडा देण्यापेक्षा पझेशनगणिक द्या. एक संघ धावपळीचा खेळ करतो, दुसरा बॉल धरून ठेवतो. दोघांच्या "सामन्याला तीन स्टील" यांची तुलना होऊच शकत नाही.

पायरी ५: आता शीट उघडा

स्टीलपासून सुरुवात करू, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथेच होते. ॲलन आयव्हर्सन २००० ते २००३ या सलग तीन हंगामांत स्टीलच्या सरासरीत एनबीएमध्ये पहिला होता. तरी कारकिर्दीत एकदाही तो ऑल-डिफेन्सिव्ह संघात आला नाही. स्टील हा बऱ्याचदा जुगार असतो, आणि शीटवर फक्त जिंकलेले डाव दिसतात.

या जुगाराचा हिशेब मांडता येतो. समजा, साध्या पझेशनवर समोरचा संघ सरासरी ०.९ गुण करतो. झेप फळली तर तेवढे गुण वाचतात. झेप फसली आणि संघ पाचास चार झाला तर समजा समोरच्याची सरासरी १.३ वर जाते, म्हणजे ०.४ चा तोटा. मग तोटा भरून निघायला दर दहा झेपांतल्या सरासरी तीनपेक्षा थोड्या जास्त फळायला हव्यात. स्टीलनंतर आपल्याला फास्ट ब्रेकवर सोपी बास्केट मिळते, ती धरली तर ही मर्यादा थोडी खाली येते. आता चौथ्या पायरीतला झेपांचा रकाना काढा. आठ झेपांत चार स्टील घेणारी मुलगी संघाला फायदा करून देतेय. वीस झेपांत चार घेणारा मुलगा संघाला बुडवतोय. शीटवर दोघांपुढे "४" एवढंच लिहिलेलं असतं.

म्हणून स्टील निरुपयोगी आहेत असं समजू नका. तरुण खेळाडूंचा अभ्यास करणारे विश्लेषक पझेशनगणिक स्टीलचं प्रमाण गांभीर्याने घेतात, कारण त्यातून अंदाज बांधण्याची क्षमता आणि हातांची चपळाई दिसते. फक्त त्याला डिफेन्सचा एकूण गुण समजायचं नाही.

ब्लॉकबाबत दोनच प्रश्न विचारा: ब्लॉकनंतर बॉल कोणाला मिळाला, आणि प्रत्येक ब्लॉकमागे फाउल किती? फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) नियमांत पाच फाउलवर खेळाडू बाहेर जातो, एनबीएत सहावर. तिसऱ्या क्वार्टरमध्येच बाकावर जाऊन बसणारा ब्लॉकर संघाच्या उपयोगाचा नाही. डिफेन्सिव्ह रिबाउंड एकट्याचे मोजू नका; तो कोर्टवर असताना संघाने उपलब्ध रिबाउंडपैकी किती घेतले ते बघा. नीट बॉक्स आउट करणाऱ्याच्या वाट्याचा बॉल अनेकदा सोबत्याच्या हातात पडतो.

पायरी ६: आकडा किती डळमळीत आहे ते तपासा

"त्याच्यावर घेतलेले थ्री पॉइंट शॉट २८ टक्केच पडले" असं कोणी सांगितलं तर आधी किती शॉट ते विचारा. समोरच्यांची खरी शक्यता ३५ टक्के धरली आणि शॉट १०० असले, तर निव्वळ योगायोगाने हा आकडा ३० ते ४० च्या दरम्यान कुठेही सहज पडतो, आणि अधूनमधून २५ किंवा ४५ पर्यंतही जातो. हंगामभरात एका तरुण गार्डवर शंभर थ्री घेतले जाणंही मुश्कील. लांबच्या शॉटची टक्केवारी डिफेंडरच्या हातात फारशी नसते. शॉट घेऊ द्यायचा की नाही, हे मात्र त्याच्या हातात असतं. म्हणून टक्केवारी सोडा, शॉट किती घेतले गेले ते मोजा.

प्लस-मायनसचं (खेळाडू कोर्टवर असताना संघाने केलेले गुण वजा दिलेले गुण) तसंच. ४० मिनिटांच्या सामन्यात एका संघाला साधारण ७० च्या आसपास पझेशन मिळतात. २५ मिनिटं खेळणारा मुलगा पाच सामन्यांत जेमतेम २०० डिफेन्सिव्ह पझेशन खेळतो. एवढ्यावरून काढलेला "दर १०० पझेशनला दिलेले गुण" हा आकडा नुसत्या नशिबाने ८ गुणांनी वर-खाली होऊ शकतो. एनबीएत पूर्ण हंगामानंतर सर्वांत चांगल्या आणि सर्वांत वाईट डिफेन्सच्या संघांत साधारण १० ते १२ गुणांचंच अंतर असतं. पाच सामन्यांचं प्लस-मायनस बघून मुलाच्या क्षमतेवर बोलणं म्हणजे त्या मुलावर अन्यायच.

तुमच्या तक्त्यातले आकडे यापेक्षा लवकर स्थिरावतात. शॉट पडणं-न पडणं यात नशीब असतं. वेळेत क्लोजआउट करणं ही सवय असते, आणि सवय साठ-सत्तर संधींमध्ये दिसायला लागते.

पायरी ७: जिथे नजर आणि आकडा भांडतात तिथे व्हिडिओ लावा

दोघांचं एकमत असेल तर फार वेळ घालवू नका. भांडण दिसलं की मात्र थांबा, कारण नवी माहिती तिथेच असते.

समजा तुमच्या वहीत लिहिलंय, "सतत योग्य जागी, बोलतो, घाई करत नाही", आणि शीटवर स्टील नाही, ब्लॉक नाही, प्लस-मायनसही उणे. आधी बघा त्याच्यासोबत कोर्टवर कोण होतं. दुसऱ्या फळीबरोबर खेळणाऱ्याचं प्लस-मायनस त्या फळीचं असतं. मग त्याच्या माणसाने घेतलेले शॉट एकेक करून बघा: कुठून घेतले, किती अडचणीत घेतले? ह्यूस्टन रॉकेट्सकडून खेळताना शेन बॅटियर कोबी ब्रायंटला जिथून तो कमी परिणामकारक होता अशा जागांकडे ढकलायचा आणि शॉटच्या वेळी ब्लॉकसाठी उडी न मारता त्याच्या डोळ्यांसमोर हात धरायचा. ब्रायंटचे गुण व्हायचेच, पण अवघड शॉटमधून. बॅटियरच्या स्वतःच्या ओळीत त्याचं काहीच दिसत नसे. असा मुलगा तुमच्या चाचणीत असेल तर त्याला शोधायची जागा ही.

उलटं भांडण जास्त त्रास देतं. आकडे उत्तम, पण तुम्हाला खेळाडू आवडलेला नाही. एका मुलीबद्दल मी वहीत "सुस्त, उभी राहते" असं लिहिलं होतं. तक्ता भरला तेव्हा कळलं की तिच्यावर ड्राइव्हच फार कमी झाले होते, कारण ती बॉल यायच्या आधीच वाटेत उभी असायची. चूक माझ्या नजरेची होती. मी धावण्याला डिफेन्स समजत होतो. पण कधी चूक आकड्याची असते. मागे उत्तम सेंटर उभा असेल तर पुढचा गार्ड प्रत्येक ड्राइव्हवर हरूनही त्याचे आकडे सुरक्षित राहतात. हे ओळखायला सेंटर बाकावर असतानाची पझेशन वेगळी काढून बघा.

पायरी ८: वय आणि स्पर्धेचा दर्जा वजा करा

चौदाव्या वर्षी सामन्याला चार ब्लॉक घेणारा मुलगा अनेकदा फक्त इतरांपेक्षा दीड-दोन वर्षं आधी वाढलेला असतो. बाकीचे उंच झाले की ते ब्लॉक विरतात. म्हणून जन्मतारीख, उंची आणि गेल्या वर्षभरात किती वाढला हे वहीत हवंच. उशिरा वाढणारी, अंगाने किरकोळ मुलं धक्क्याने मागे सरकतात. पण त्यांचे पाय बरोबर पडत असतील तर त्यांना आत्ताच बाद करू नका.

दर्जासाठी सोपा उपाय: सगळे आकडे बाजूला ठेवा आणि सर्वांत तगड्या दोन-तीन प्रतिस्पर्ध्यांविरुद्धचा तक्ता तेवढा वेगळा काढा. कच्च्या संघांविरुद्धचे स्टील हे समोरच्याच्या चुका असतात.

नियमही बघा. एनबीएत २००१-०२ पासून डिफेन्सिव्ह तीन सेकंदांचा नियम आहे. फिबाच्या नियमांत तो नाही. त्यामुळे फिबाच्या नियमांनी खेळणारा उंच मुलगा रिमखाली ठाण मांडून ब्लॉक गोळा करू शकतो. तो बाहेर येऊन पिक अँड रोलमध्ये (स्क्रीन लावून बास्केटकडे वळण्याची चाल) वेगवान गार्डसमोर दोन पावलं सरकत टिकतो का, हे वेगळं तपासावं लागतं. संघ नेहमी झोन खेळत असेल तर सरावात त्याला मुद्दाम एकास एक खेळवून बघा.

पायरी ९: अहवाल लिहा, खात्रीसह

"डिफेन्स ७/१०" असं लिहू नका. प्रत्येक कामापुढे निरीक्षण, त्यामागचा आधार आणि तुमची खात्री लिहा. उदाहरणार्थ:

"बॉलसमोर: ३१ ड्राइव्हपैकी २२ थोपवले, तगड्या संघांविरुद्ध १२ पैकी ७. पाय चांगले, डावीकडे सरकताना कंबर वर येते. खात्री बरी."

"हेल्प: १९ पैकी ८ वेळा गेला. बॉलकडे बघत राहतो, माणूस सुटतो. नजर आणि तक्ता दोघांचं एकमत. खात्री जास्त."

"स्टील: १४ झेपांत ५. सध्या फायद्यात, वेगवान पास देणाऱ्या संघासमोर बघितलेला नाही. खात्री कमी."

जिथे "खात्री कमी" लिहिलं आहे ती वाक्यं पुढच्या सामन्यासाठी तुमची कामाची यादी. तीन महिन्यांनी त्याच खेळाडूचा पुन्हा एक सामना शीटशिवाय बघा, नवी पाच-सहा वाक्यं लिहा आणि मगच जुनी वही उघडा.